कोरियन गोगीजिपमध्ये जेवायचं कसं

गोगीजिप म्हणजे मांस टेबलावरच भाजून खायचं कोरियन जेवणघर. बडेजाव काही नाही. ऑफिस सुटलं की चार सहकारी जिथे शिरतात, रविवारी आई-बाप पोरांना घेऊन जिथे येतात, ते ठिकाण. सोलमध्ये कुठेही उतरा, चालत जाण्याच्या अंतरावर एखादं सापडतंच. मापो आणि जोंगनो-3-गा या भागांत तर अख्ख्या गल्ल्याच त्यांच्या आहेत. कंपनीच्या कामाला, शिकायला किंवा फिरायला कोरियात गेलेला मराठी माणूस फार दिवस न जाता तिथे पोचतो आणि बसल्याबसल्या गोंधळतो. कच्चं मांस आपल्यासमोर का आणून ठेवलं? जेवणाच्या टेबलावर कात्री कशाला? न मागितलेल्या या आठ वाट्या कुणाच्या, त्यांचे पैसे लागणार का? आणि भात कुठाय?

या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. बहुतेक कारणं विस्तवात आणि चरबीत सापडतात, उरलेली मालकाच्या हिशेबात. ती एकदा समजली की मेनू वाचता आला नाही तरी अडत नाही. हे जेवण मला मनापासून आवडतं, आणि नुसतं माहीत नसल्यामुळे लोक ते अर्धवट खाऊन उठतात याचं वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

बसण्यापूर्वी आणि बसल्यावर

पहिली अडचण दारातच येऊ शकते. एकट्या माणसाला पुष्कळ गोगीजिप बसवून घेत नाहीत. घेतलं तरी पहिली ऑर्डर निदान दोन जणांची द्यावी लागते, काही ठिकाणी तिघांची. यात हटवादीपणा नाही. तुम्ही बसलात की निखारे पेटवून आणावे लागतात, वाट्या मांडाव्या लागतात, जाळी घासून ठेवलेली असावी लागते. गिऱ्हाईक एक असो की चार, हा खर्च जवळपास तेवढाच, आणि तो सगळा निघायचा मांसाच्या किमतीतून. एकट्याने जेवणाऱ्यांसाठी छोट्या शेगड्यांची वेगळी दुकानं अलीकडे निघाली आहेत. तुम्ही एकटे असाल तर आधी ती शोधा.

टेबलं बहुतेक स्टीलची, बऱ्याच ठिकाणी पिंपासारखी गोल, मधोमध शेगडीचा खड्डा. वरून धुराडं लोंबत असतं आणि ते खाली ओढता येतं. ओढा. शेगडीपासून वीत-दीड वीत अंतरावर आणलं तरच ते काम करतं. वरच राहिलं तर धूर तुमच्या डोळ्यांत आणि कपड्यांत जातो. कपड्यांचा वास हा इथला खरा प्रश्न आहे, आणि मालकांनी त्यावर उपाय केलेले असतात. कित्येक ठिकाणी बसायच्या स्टुलाचं झाकण उघडतं आणि आत कोट-पिशवी ठेवता येते. कुठे कोटासाठी मोठी प्लास्टिकची पिशवी मिळते. अंगावर घालायला अ‍ॅप्रन मिळतो. निघताना दाराशी वास घालवायचा फवारा ठेवलेला असतो. हिवाळ्यात गेलात तर लोकरीचा कोट आत गुंडाळून ठेवाच, तो सहज धुता येत नाही.

चमचे-चॉपस्टिक समोर दिसल्या नाहीत तर टेबलाच्या कडेला खण असतो, त्यात बघा. वाढणाऱ्यांना बोलवायला टेबलावर घंटीचं बटण असतं. नसेल तर ‘योगियो’ अशी हाक मारायची. मोठ्याने मारली तरी कुणी वाईट मानत नाही. वयाने मोठ्या वाढणाऱ्या बाईंना नेहमीची गिऱ्हाइकं ‘इमो’, म्हणजे मावशी, म्हणतात.

आता मेनू. प्रत्येक प्रकारापुढे किंमत असते आणि बाजूला वजन. हे वजन कच्च्या मांसाचं, आणि बरगडी असेल तर त्यात हाडही आलं. एका माणसाचा वाटा साधारण 150 ते 200 ग्रॅम धरतात. महागड्या गोमांसाचा त्याहून कमी, मसाल्यात मुरवलेल्या डुकराच्या बरगड्यांचा जास्त. पूर्वी एकाचा ‘वाटा’ 150 ग्रॅमचा आणि शेजारच्याचा 200 चा असायचा, त्यामुळे कोण स्वस्त आणि कोण महाग हे गिऱ्हाइकाला कळायचंच नाही. म्हणून 2013 पासून दर 100 ग्रॅममागे किंमत लिहिणं कोरियात बंधनकारक झालं. दोन दुकानांची तुलना करायची तर तोच आकडा बघा. मांस कुठल्या देशातलं आहे हेही लिहावं लागतं, अगदी किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या, बाबतीतसुद्धा. लिहिलेल्या किमतीत कर आलेला असतो आणि टिप द्यायची पद्धत नाही. मेनूवर दिसतं तेवढेच पैसे.

अंदाज यावा म्हणून एक आकडा देतो. 2024 मध्ये सोलमधल्या 200 ग्रॅम सामग्योप्सालची, म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या मांसाची, सरासरी किंमत पहिल्यांदाच 20,000 वॉनच्या वर गेली. आपले साधारण बाराशे रुपये. सामान्य माणसाचं जेवण म्हणवणाऱ्या पदार्थाने ही रेघ ओलांडली म्हणून तिथे बरीच हळहळ झाली. भरपेट जेवायला माणशी दीड वाटा तरी लागतो, वर भात किंवा नूडल्स. तेवढं धरून निघा.

मागवायचं काय

साधं गोगीजिप म्हटलं की मुख्यतः डुक्कर. कोरियन गोमांस, म्हणजे हानवू, फार महाग. ते बढतीच्या, वाढदिवसाच्या, सासऱ्यांना जेवायला नेण्याच्या दिवशी. त्याची प्रत 1++, 1+, 1, 2, 3 अशी ठरते आणि वरची प्रत मुख्यतः मांसात चरबीच्या रेषा किती पसरल्या आहेत त्यावर मिळते. म्हणजे 1++ म्हणजे सगळ्यांत लुसलुशीत आणि सगळ्यांत तेलकट. पहिल्या वेळी त्याच्या मागे लागायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सामग्योप्साल म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस. मांस आणि चरबीचे थर एकाआड एक. मसाला लावलेला नसतो. कोरियन लोकांचं यावर इतकं प्रेम की 3 मार्च हा दिवस सामग्योप्सालचा म्हणून पाळतात, दुकानांत सवलती लागतात, आणि देशातल्या डुकरांचं पोट पुरत नाही म्हणून परदेशातून आयात होते. कातडीसकट कापलेला प्रकार म्हणजे ओग्योप्साल. तो जेजू बेटावर खावा, काळ्या डुकराचा, निखाऱ्यांवरच उकळणाऱ्या खारवलेल्या माशांच्या चटणीत बुडवून.

चरबीचं वावडं असेल तर मोकसाल मागवा, मानेकडचं, जास्त मांसल. हांगजंगसाल हे गालाखालून मानेकडे जाणारं मांस. थोडंच मिळतं, चावताना करकरीत लागतं, आणि ज्याने एकदा खाल्लं तो पुढच्या वेळी तेच मागतो. गालमेगीसाल हे श्वासपटलाजवळचं, गडद लाल, डुकराचं असून चवीला थोडं गोमांसाकडे झुकणारं. जोंगनो-3-गाची गल्ली त्यासाठी ओळखली जाते.

मग मुरवलेले प्रकार. गालबी म्हणजे बरगडी. डुकराची स्वस्त, मापोची खासियत. गाईची महाग, आणि तिच्यासाठी सुवोन शहराचं नाव घेतात. सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचं तेल आणि किसलेली नाशपती यांत मांस मुरवतात. नाशपती गोडीसाठी असतेच, शिवाय कोरियन नाशपतीत प्रथिनं तोडणारी विकरं असतात, त्यांनी मांस मऊ पडतं. काही जण किवी किंवा अननस घालतात. त्यांतली विकरं इतकी जोरकस की जास्त वेळ ठेवलं तर मांसाचा लगदा होतो. बुल्गोगी हे नाव भारतात सगळ्यांत ओळखीचं, पण ते पातळ कापलेलं मुरवलेलं गोमांस सोलमध्ये बहुधा मधे उंचवटा असलेल्या भांड्यावर, कडेच्या रश्श्यासकट शिजवतात. तो वेगळाच पदार्थ आहे. निखाऱ्यांवरच्या बुल्गोगीसाठी दक्षिणेकडच्या ग्वांगयांग आणि ऑनयांगचं नाव घेतात.

क्रम मात्र पाळा: आधी बिनमसाल्याचं, मग मुरवलेलं. मुरवलेल्या मांसातली साखर तव्यावर करपते आणि काळा थर धरते. त्यावर नंतर टाकलेलं प्रत्येक मांस कडू होतं. जिभेचंही तसंच, गोड-खारट गालबीनंतर साधं सामग्योप्साल पाणचट वाटतं. उलट क्रमाने मागवलंत तर वाढणारे बहुधा सुचवतील. ते ऐका.

विस्तव

शेगडीत काय जळतंय यावर चव ठरते. चांगल्या ठिकाणी ओकच्या लाकडाचा लोणारी कोळसा, पेटवून लालभडक झालेला, लोखंडी भांड्यात घालून आकड्याने उचलून आणतात. ते येताना कोपर आवरून मागे सरका. जुन्या धाटणीच्या दुकानांत भोकं पाडलेल्या कोळशाच्या वड्या असतात, यॉन्तान. बाकी ठिकाणी गॅस.

वर जाळी असणार की तवा, हे चरबीवर ठरतं. चरबी थेट निखाऱ्यावर ठिबकली की भडका उडतो, धूर होतो आणि मांसावर काजळी बसते. म्हणून कमी चरबीची किंवा पातळ कापलेली बरगडी जाळीवर. सामग्योप्साल बहुधा जाड लोखंडी तव्यावर. हा तवा एका बाजूला उतरता असतो आणि खालच्या टोकाला चरबी निथळायला भोक असतं, खाली वाटी. काही ठिकाणी मोठ्या हंड्याचं लोखंडी झाकणच तवा म्हणून वापरतात, कुठे जाड दगडी पाटा. दगड उशिरा तापतो पण तापला की गार होत नाही. जाळीवर सामग्योप्साल देणारी दुकानंही आहेत. तिथे जाळी उंच असते आणि चिमटेवाल्याला डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

जाळी किंवा तवा काळा पडला की बदलून मागायचा. त्याचे पैसे पडत नाहीत, आणि मागण्यात संकोच करण्यासारखं काहीच नाही. करपलेल्या थरावर भाजत राहणं आरोग्यालाही चांगलं नाही. मांस जळतं तिथे आणि चरबीच्या धुरात घातक द्रव्यं तयार होतात. काळा झालेला तुकडा कात्रीने कापून बाजूला टाका.

चिमटा कुणाच्या हातात

स्वस्त दुकानांत गिऱ्हाईक स्वतः भाजतं. महाग दुकानांत वाढणारे भाजून देतात, आणि तिथे मदत म्हणून चिमटा उचलणं बरं दिसत नाही. मधल्या दुकानांत ते पहिला हात लावून देतात आणि मग तुमच्यावर सोडतात. स्वतः भाजायचं असेल तर टेबलावर एकानेच चिमटा धरायचा. बहुतेकदा वयाने सगळ्यांत लहान असतो तो किंवा ज्याचा हात चांगला आहे तो. सगळे मिळून उलटायला लागले की काही कच्चं, काही करपलेलं.

हुरडा खायला शेतावर बसलेल्या कुणालाही ही बैठक समजावून सांगायला नको: आगटीशी बसलेल्याचा हात थांबत नाही, आणि बाकीचे गरम ते गरम खातात. इथेही तेच. म्हणूनच मांस स्वयंपाकघरातून भाजून आणत नाहीत. डुकराची चरबी गार झाली की गोठायला लागते आणि तोंडात मेणासारखी लागते. तव्यावरून तोंडात जायला जेवढा कमी वेळ, तेवढी चव जास्त.

आता सामग्योप्साल भाजायचं कसं ते नीट सांगतो, कारण सगळी गंमत इथे आहे. काप दीड-दोन सेंटीमीटर जाड आणि वीतभर लांब असतो. तवा तापलाय का हे आधी बघा: तळहात वर धरून झळ लागली पाहिजे. काप ठेवला की चर्र झालं पाहिजे. आवाज आला नाही तर लगेच उचला, थांबा. गार तव्यावर मांसातलं पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी उकडतं. मांसाचा रंग बदामी होऊन खमंग वास सुटायला पृष्ठभाग 140 अंशांच्या वर जावा लागतो, आणि वर पाणी आहे तोवर तो 100 च्या पुढे जात नाही. मीठही आत्ताच, ठेवल्यावर टाकायचं.

मग हात आवरायचा. काही मिनिटं नुसतं बघायचं. आधीच ओढलंत तर मांस तव्याला धरून बसतं, कारण खालचा पापुद्रा झालेला नसतो. झाला की ते आपसूक सुटतं. वरच्या बाजूला बारीक बारीक थेंब दिसायला लागले, कडा पांढुरक्या झाल्या, की उलटा. खालची बाजू सोनेरी दिसली पाहिजे. दुसरी बाजूही तशीच होऊ द्या.

आता कात्री. चिमट्याने काप उभा धरायचा आणि घासाएवढे तुकडे आडवे कापायचे, थेट तव्यावर. कापलेली बाजू आतून अजून गुलाबी असते. तुकडे आडवे पाडून ती बाजू तव्याला लावायची. चरबी सुटून उताराकडे वाहायला लागते. या वाटेवर, तव्याच्या खालच्या टोकाला, किमची आणि लसणाच्या पाकळ्या आधीच मांडून ठेवायच्या. त्या चरबीत त्या तळल्या जातात. किमची आंबट असेल तर आणखी चांगलं: आंबटपणा चरबीला कापतो आणि कडेने ती कुरकुरीत होते. कित्येकांना मांसापेक्षा ही भाजलेली किमची जास्त आवडते, आणि मी त्यांच्यातला आहे.

तयार तुकडे तव्याच्या काठाला किंवा कांद्याच्या जाड चकत्यांवर चढवून ठेवायचे, म्हणजे गरम राहतात पण जळत नाहीत. डुकराचं मांस आत लाल राहू देऊ नका. कच्च्या मांसाला लावलेला चिमटा कच्च्यासाठीच, आणि आपली चॉपस्टिक कच्च्या मांसाला लावायची नाही.

मुरवलेल्या गालबीला यातलं काही लागू नाही. तिथे थांबायचं नसतं. साखर आहे, दुर्लक्ष झालं की काळी. सतत उलटत राहायचं. आणि पातळ कापलेलं गोमांस, उदाहरणार्थ छातीचं चादोलबागी, ठेवलं, रंग बदलला, उचललं, इतकंच. तव्यावर एका वेळी प्रत्येकी दोन-तीन कापांपेक्षा जास्त टाकू नका, खाणारे मागे पडतात.

घास

भाजलेलं मांस नुसतं खाता येतं, तिळाच्या तेलात मीठ घातलेली छोटी वाटी त्यासाठीच असते. पहिला तुकडा तसा खा, मांस कसं आहे ते कळतं. त्यानंतर पान.

सांगचू, म्हणजे लेट्यूसचं पान, तळहातावर घ्यायचं. त्यावर केन्निप, पेरिलाचं पान. पुदिन्याच्याच कुळातली ही वनस्पती, पण वास निराळा, उग्र. पहिल्या वेळी कुणाकुणाला नको वाटतो. हीच वनस्पती उत्तराखंडात भंगजीर म्हणून पेरतात आणि तिच्या बियांची चटणी करतात. पानावर मांसाचा एक तुकडा, त्यावर स्सामजांगचा ठिपका. सोयाबीन आंबवून केलेलं द्वेन्जांग आणि मिरचीचं गोचुजांग एकत्र करून, त्यात लसूण आणि तिळाचं तेल घालून स्सामजांग होतं. खारट असतं, म्हणून ठिपकाच. मग लसणाची चकती, कच्ची किंवा भाजलेली, हिरव्या मिरचीचा तुकडा, आणि पातीच्या कांद्याची मिरचीपूड-व्हिनेगर लावलेली कोशिंबीर. पान बंद करायचं आणि अख्खा घास एकदम तोंडात. अर्धा तोडायचा नाही. तोडलात तर आतलं सगळं खाली सांडतं आणि सगळ्या चवी एकत्र येत नाहीत.

हे नुसतं रिवाज म्हणून नाही. सामग्योप्साल फार तेलकट असतं. नुसतं खाल्लं तर थोड्याच तुकड्यांनंतर जीव भरतो. पानाचा गारवा, कोशिंबिरीचा आंबटपणा, लसूण-मिरचीचा झटका आणि स्सामजांगचा खारटपणा, या सगळ्यांनी ती चरबी तोंडातून धुतली जाते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. पान टाळून नुसतं मांस खाणारे नवखे लोक लवकर थकतात, ते यामुळे.

जो चिमटा धरून बसलाय त्याला स्वतःसाठी घास बांधायला वेळ नसतो. त्याच्यासाठी एक बांधून त्याला भरवणं हा इथला साधा शिष्टाचार आहे. मित्र मित्राला भरवतो, मुलगी बापाला भरवते. लाजायचं कारण नाही.

वाट्या, भात आणि सोजू

न मागता आलेल्या वाट्या म्हणजे बानचान. किमची, गोडसर-आंबट मुळ्याच्या पातळ चकत्या, लोणच्यासारखा मुरवलेला कांदा, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, कुठे बटाटा, कुठे भोपळा. त्यांचे पैसे नाहीत आणि संपल्या की पुन्हा मिळतात. पानंही पुन्हा मिळतात, पण भाजी महागली की दुकानदार हात आखडतात, ते समजून घ्यावं. बऱ्याच ठिकाणी आता कोपऱ्यात बानचानचं टेबल मांडलेलं असतं, स्वतः जाऊन आणायचं. हवं तेवढंच आणा. ताटात टाकून उठणं तिथे कुणाला आवडत नाही, आणि काही दुकानं त्याचे पैसे लावतात. फुगवलेलं वाफाळतं अंडं, ग्येरान-जिम, काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी विकत. मिळालं तर घ्याच, तिखटावर उतारा म्हणून फार उपयोगी.

भात शेवटी. मांस संपत आलं की वाढणारे येऊन ‘जेवणाचं’ काय देऊ असं विचारतात, तेव्हा इतका वेळ आपण काय केलं असा प्रश्न पडतो. कोरियन हिशेबात मांस हा जेवणाचा पहिला भाग आणि भात किंवा नूडल्स हा दुसरा. तीन पर्याय आहेत. एक, वाडग्यातला भात आणि सोबत द्वेन्जांगचा उकळता रस्सा, टोफू आणि कोवळा भोपळा घातलेला. दोन, नेंगम्योन, बकव्हीटच्या पिठाच्या नूडल्स बर्फाळ रश्श्यात, कात्रीने कापून. वर व्हिनेगर आणि मोहरीचं वाटण आपण घालायचं. इतक्या चरबीनंतर तो गार आंबट रस्सा घशाखाली उतरतो तेव्हा खरंच बरं वाटतं. तीन, परतलेला भात. उरलेली किमची, दोन-चार मांसाचे तुकडे त्याच तव्यावर बारीक कापतात, भात, कुरकुरीत समुद्री पानांचा चुरा आणि तिळाचं तेल घालून परततात आणि तव्यावर थापून ठेवतात. खाली खरपुडी धरू द्यायची, मग खरवडून खायचं. तवा असेल तर हाच निवडा. मात्र मांस भाजताना सगळी किमची संपवू नका.

सोजू हिरव्या बाटलीत येते, 360 मिली, अलीकडे 16 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. छोट्या पेल्यांत पाण्यासारखी खाली जाते आणि उशिरा कळते. स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत. मोठ्यांना ओतताना आणि त्यांच्याकडून घेताना दोन्ही हात लावतात, आणि त्यांच्यासमोर पिताना तोंड किंचित बाजूला वळवतात. पीत नसाल तर तसं सांगून शीतपेय मागवा. पेला उचलून सगळ्यांबरोबर लावला की पुरतं. जेवायला सुरुवात सगळ्यांत मोठ्या माणसाने करायची, हे मात्र दारू असो नसो.

बिल टेबलावर येत नाही. दाराशी गल्ल्यावर द्यायचं. वरिष्ठाने किंवा बोलावणाऱ्याने सगळ्यांचं द्यायचं ही जुनी रीत अजून आहे, तरुण लोक मात्र सर्रास वाटून घेतात.

शाकाहारी असाल तर, आणि इथे खायचं असेल तर

शाकाहारी माणसाला गोगीजिपमध्ये नेऊ नका, असं मी आग्रहाने सांगतो. किमचीत बहुतेकदा खारवलेली कोळंबी किंवा मासळी असते. द्वेन्जांगच्या रश्श्याचं पाणी सुक्या मासळीचं असतं. नेंगम्योनचा रस्सा मांसाचा. कांदा आणि अळंबी भाजता येतात, पण त्याच चरबीत. उरतात ती पानं आणि भात, आणि समोर दोन तास धूर. सोबत शाकाहारी कुणी असेल तर बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घालून कालवलेला भात, मिळणारं साधं जेवणघर बघून मांस-अंडं न घालता मागवा, किंवा बौद्ध मठांच्या पद्धतीचं जेवण देणारी ठिकाणं शोधा. त्या जेवणात मांस-मासळी नसतेच, कांदा-लसूणही वर्ज्य असतो.

पुण्याकडे कोरियन जेवणघरं आहेत, ती हौसेने उघडलेली नाहीत. रांजणगावला एलजी आहे, तळेगावला ह्युंदाई आली, रायगडात माणगावजवळ पोस्कोचा कारखाना आहे. तिथल्या कोरियन माणसांना घरचं जेवण लागतं. त्यामुळे तिथे जाऊन खाल्लेलं बानचान बऱ्यापैकी खरं असतं. गोमांसाचे प्रकार मात्र इथे कोरियासारखे मिळणार नाहीत. महाराष्ट्रात 2015 पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. सामग्योप्साल मिळालं तर तेच मागवा.

घरी करायची हुक्की आली तर जाड बिडाचा तवा घ्या, गॅसवर ठेवा, खिडक्या उघडा आणि पंखा धूर बाहेर फेकेल असा लावा. कोळशाची शेगडी खोलीत अजिबात पेटवू नका. गोगीजिपमधलं धुराडं शोभेचं नसतं. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद फ्लॅटमध्ये त्याने जीव जातो. कोळसाच हवा असेल तर उघडी गच्ची किंवा अंगण. मटणवाल्याकडे नव्हे, डुकराचं मांस ठेवणाऱ्या दुकानात जाऊन पोटाकडचा तुकडा मागा, आणि काप बोटाएवढे जाड करून घ्या. पातळ कापून आणलंत तर पापुद्रा धरायच्या आत मांस कोरडं पडतं. लेट्यूस मोठ्या भाजीबाजारात मिळतो. केन्निप सहजी मिळत नाही, त्याच्या जागी दुसरं पान शोधत बसू नका, लेट्यूसवर भागतं.